चादरीवरचं तळं

घरात प्रिंटर आणायला माझी काही हरकत नाही, पण आणताना खोक्यावर चादर टाकून आणावा. मी ते केलं नाही. लिफ्ट बंद होती, म्हणून खोकं छातीशी धरून जिन्याने वर आलो आणि मजल्या-मजल्यावर दम खात थांबलो. मी जिथे जिथे दम खाल्ला तिथे तिथे दार उघडलं. खोक्यावर प्रिंटरचं चित्र होतं, तेही रंगीत. मी आमच्या दाराशी पोचेपर्यंत बातमी माझ्यापुढे गच्चीवर पोचून खाली परतायला लागली होती.

समोरच्या वहिनी तर थर्माकोल निघायच्या आतच आल्या. त्या घरी लहान मुलांच्या शिकवण्या घेतात. त्यांना एकच पान हवं होतं. एक पान द्यायला काय जातं, असं मला वाटलं. जातो तो वायफायचा पासवर्ड. पासवर्ड म्हणजे घराची किल्ली असं काही लोक समजतात. ते खरं नाही. किल्ली परत मागता येते.

वरच्या मजल्यावरचे टायपिस्ट काका दुसरे आले. आयुष्यभर त्यांनी टंकलेखनाची संस्था चालवली, त्यामुळे कागदावर उमटणाऱ्या कुठल्याही अक्षराबद्दल आपल्याला विचारलं गेलं पाहिजे असं त्यांना वाटतं. त्यांनी प्रिंटरभोवती एक फेरी मारली आणि सल्ले दिले. कागदाचा गठ्ठा ट्रेमध्ये घालण्यापूर्वी पत्त्यांसारखा पिसून घ्यावा, नाहीतर दोन-दोन पानं एकदम ओढली जातात. उघडा गठ्ठा दमट हवेत ठेवू नये. आठवड्यातून एकदा काहीतरी रंगीत छापावं, नाहीतर शाई आत वाळून बसते. बंद करताना त्याच्या स्वतःच्या बटणाने करावा, भिंतीवरचं बटण खटकन दाबू नये, यंत्रालाही नीट झोपू द्यावं. हे सगळं बरोबर होतं, हे मी इथे मोकळ्या मनाने नमूद करतो. मात्र यंत्राला रोज थोडं तेल द्यावं, हा त्यांचा सल्ला मी मानला नाही.

मग आमच्या घरात एक वेगळंच आयुष्य सुरू झालं. प्रिंटर बाहेरच्या खोलीत चपलांच्या कपाटावर बसवला होता. दुपारी पंखा मंद फिरत असायचा, पडद्यातून पिवळा उजेड जमिनीवर पसरलेला असायचा, मी सुट्टीच्या दिवशी आरामखुर्चीत अर्धवट झोपेत असायचो, आणि तो आपोआप जागा व्हायचा. आधी पोटात गुरगुरायचं, मग लांब श्वास सोडल्यासारखा आवाज, आणि एक पान हलकेच बाहेर यायचं. ‘एका टोपलीत काही आंबे आहेत. त्यांपैकी अर्धे नासले. तर उरले किती?’ मी झोपेत उरलेल्या आंब्यांचा विचार करत राहायचो. कोणीतरी भिंतींपलीकडे बसून माझ्या घरात अलगद पानं सोडतंय, ही भावना सुरुवातीला मला फार सुखाची वाटली. काका आपली आठवणींची वही छापायचे. यंत्रावर विश्वास नसल्यामुळे ते आज्ञा पुन्हा पुन्हा द्यायचे, त्यामुळे त्यांचं बालपण आमच्याकडे अनेक प्रतींत आहे.

अशातच बायको पडली.

आमच्या झोपण्याच्या खोलीच्या खिडकीतून पूर्वी तळं दिसायचं. अलीकडचा गवताळ काठ, मधलं पाणी, पलीकडे झाडांची रांग. मग शेजारच्या मोकळ्या जागेत एक इमारत उभी राहिली आणि तिची खिडकी नसलेली राखाडी बाजू आमच्या खिडकीपुढे आली. हात लांबवला तर बोटं जवळजवळ टेकतील, इतकी जवळ. बायको माध्यमिक शाळेत गणित शिकवते. ती कशाबद्दल तक्रार करत नाही, निष्कर्ष काढते. एका रविवारी ती स्टुलावर चढून त्या खिडकीचे पडदे काढायला लागली. मी म्हटलं, पडदे कशाला काढतेस? ती म्हणाली, “भिंतीपासून काय लपवायचंय?” आणि स्टूल कलंडलं.

पाय प्लास्टरमध्ये गेला. हाडांच्या डॉक्टरांनी तिला अंथरुणात पडून राहायला सांगितलं, आणि अंथरुणातून समोर ती भिंत. संध्याकाळी माझ्या साडूंचा फोन आला. साडूंचं घर गावाबाहेर आहे आणि त्यांच्या गॅलरीतून डोंगर दिसतो. हा डोंगर त्यांनी स्वतः रचला असावा अशा थाटात ते त्याच्याबद्दल बोलतात. ते म्हणाले, ताईंना आमच्याकडे पाठवा, इथे कसं मोकळं आहे. माझी मेव्हणीही मागून तेच म्हणत होती. बायको फोनवर हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. फोन ठेवल्यावर भिंतीकडे बघत तिने मला माळ्यावरची बॅग काढून ठेवायला सांगितलं.

माणसाच्या स्वाभिमानाला ठेच अनेक प्रकारे लागते. पण आपल्या बायकोला साडूच्या डोंगराची गरज पडावी, हा प्रकार वेगळा. बॅग काढता काढता मला आठवलं, की त्याच खिडकीतून मी कधीतरी तळ्याचा फोटो काढला होता. तो संगणकात होता. तो खिडकीएवढा छापायचा, समोरच्या भिंतीवर डकवायचा, आणि अंथरुणातून तळं पुन्हा दिसू लागेल. मी कार्यालयात रजा टाकली. कारण म्हणून ‘घरगुती पाणीप्रश्न’ असं लिहिलं.

एक मोठं चित्र साध्या कागदांवर तुकड्या-तुकड्यांनी छापता येतं, प्रिंटरच्या आज्ञावलीत तशी सोय असते. मात्र साधा घरगुती प्रिंटर कागदाच्या कडेपर्यंत छापत नाही, चारी बाजूंनी पांढरी पट्टी सोडतो, हे मला पहिले तुकडे जमिनीवर मांडल्यावर कळलं. ते तळं न वाटता तळ्यावर उघडणाऱ्या पुष्कळ छोट्या खिडक्या वाटत होत्या. शिवाय ओल्या शाईची पानं एकमेकांवर ठेवली की चिकटतात. म्हणून मी ती सुटी सुटी वाळत घातली. बाहेरच्या खोलीत आकाश, जेवणाच्या टेबलावर झाडं, स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाणी. मी घरात अनवाणी, पाय उचलून चालायला लागलो. पंख्याच्या वाऱ्याने पानांच्या कडा किंचित उचलल्या जायच्या आणि सगळं घर हलकं तरंगतंय असं वाटायचं. वहिनी आपली पानं न्यायला आल्या तर दारातच थबकल्या, आणि साडी घोट्यावर घेऊन, जपून, पाण्याच्या कडेकडेने प्रिंटरपर्यंत गेल्या. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. त्यांनीही काही विचारलं नाही.

बायकोला चकित करायचा माझा बेत होता. पण वाळवायला जागा पुरेना, तेव्हा मला तिच्या खोलीतही थोडं पाणी ठेवावं लागलं. तिने एक पान उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. बराच वेळ बघितलं.

“कात्री द्या,” ती म्हणाली. “आणि पट्टी. तुम्ही कापाल तर काठ वाकडा होईल.”

मग ती उशीला टेकून, मांडीवर पाट घेऊन, पांढऱ्या कडा कापत बसली. मी छापायचो, वाळवायचो, तिच्याकडे न्यायचो. ती प्रत्येक पानामागे पेन्सिलीने क्रमांक घालायची. संसारात आम्ही एकत्र पुष्कळ कामं केली, पण त्यांत बहुतेक वेळा एक जण काम करायचा आणि दुसरा ते कसं करायला हवं होतं हे सांगायचा. या वेळी कोणीच काही सांगत नव्हतं. कात्रीचा आवाज, प्रिंटरचा श्वास, आणि दुपार अशी लांबलचक, की ती संपेल असं वाटूच नये.

ती संपली वहिनींच्या एका विद्यार्थ्यामुळे. त्याला शाळेत अवकाशाचा प्रकल्प होता. वहिनींनी आपल्या घरातून रात्रीचं आकाश छापायला पाठवलं. रात्रीचं आकाश म्हणजे काय असतं? पानभर काळं, आणि मध्ये चार ठिपके पांढरे. ते पांढरे ठिपके फुकट होते, बाकी सगळी शाई आमची. आमच्या पाण्याच्या मध्ये एकामागून एक रात्री बाहेर पडायला लागल्या. दुसऱ्याने पाठवलेलं काम आपल्याला सहज थांबवता येत नाही. मी सगळी बटणं दाबून पाहिली, त्यातलं एक सफाईचं निघालं. प्रिंटरने आपली नळी साफ करायला घेतली. सफाई वारंवार करू नये, असं माझं आता ठाम मत आहे, कारण सफाई तो शाईनेच करतो, म्हणजे घर झाडायला तूप वापरल्यासारखं. काळी शाई संपली, मागोमाग निळीही तळाला गेली. नवीन शाई आणायला गेलो, तर दुकानदाराने आमच्या मॉडेलची शाई मागवावी लागेल असं सांगितलं. वहिनींनी ओशाळून त्यांच्या भावाच्या घरची उरलेली शाईची काडतुसं आणून दिली. ती आमच्या प्रिंटरमध्ये बसत नव्हती. एका प्रिंटरचं दुसऱ्याला चालत नाही, याबाबतीत ते जावयांसारखे असतात.

आणि साडू तर शनिवारी न्यायला येणार होते.

मी होत्या त्या शाईवर छापत राहिलो. निळा ओसरत गेला तसं पाणी हिरवट झालं, मग जांभळं, आणि अलीकडचा गवताळ काठ तर पुरता गुलाबी आला. मला रडू यायचं बाकी होतं. बायकोने ती गुलाबी पानं खाली लावून पाहिली आणि म्हणाली, असू दे, वर दुपार आहे, खाली संध्याकाळ झालीय.

याच सुमारास मी शेजारच्या इमारतीच्या चिटणिसांकडे भिंतीच्या परवानगीसाठी गेलो. अर्ज छापून नेला होता, काळी शाई नसल्यामुळे तोही गुलाबी. चिटणीस सभ्य गृहस्थ होते. त्यांनी अर्ज दूर धरून वाचला, जवळ धरून वाचला, आणि विचारलं की हे निमंत्रण आहे का. मी खुलासा केला. त्यावर ते म्हणाले, भिंत सर्व सभासदांच्या मालकीची आहे, तिच्यावर काहीही डकवायचं तर ती जाहिरात ठरते, जाहिरातीला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो आणि ती सभा नुकतीच झाली. मी म्हटलं, ही तळ्याची जाहिरात नाही. त्यांनी विचारलं, मग तळ्याचं दुसरं काय करणार? अर्ज परत घेऊन मी उतरलो. इतका गुलाबी कागद हातात धरून परक्या इमारतीतून बाहेर पडताना माणसाने कितीही ताठ चाललं तरी उपयोग होत नाही.

वाट काढली ती टायपिस्ट काकांनी. त्यांची खिडकी आमच्या खिडकीच्या बरोबर वर. ते म्हणाले, भिंतीला हात लावायचाच कशाला, जुन्या चादरीवर पानं चिकटवा, वर-खाली पडद्याच्या काठ्या शिवा, माझ्या गजांवरून दोरीने खाली सोडू. दोन इमारतींच्या मधली हवा कोणाच्या दप्तरी आहे? मला हे इतकं पटलं की मी त्यांच्या बालपणाची आणखी एक प्रत छापून द्यायचं कबूल केलं. गुलाबी.

मी खळ शिजवली. चादर जमिनीवर अंथरली आणि बायकोने पलंगावरून एकेक क्रमांक पुकारावा, मी तो तुकडा लावावा, असं चाललं. आकाश भरलं, पाणी भरलं, आणि पलीकडच्या काठावर एका झाडाशेजारी भोक राहिलं. ते पान सापडेना. सोफ्याखाली, गादीखाली, रात्रीच्या आकाशांत, सगळीकडे शोधलं. प्रिंटर वाटून वापरणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं, की ट्रेमधली पानं उचलणारा माणूस आपलीच तेवढी उचलत नाही. काकांनी आपल्या आठवणींबरोबर आमच्या काठाचा तुकडा नेला होता. मागची बाजू कोरी दिसली, आणि कागद वाया घालवणं त्यांच्या रक्तात नाही. त्यांनी त्यावर रस्त्यांतल्या खड्ड्यांबद्दल वर्तमानपत्राला पत्र टाइप करून टपालात टाकलं होतं. आमचा पलीकडचा काठ संपादकांकडे पोचला होता.

पुन्हा छापायचा तर आता फक्त पिवळा उरला होता. मी भोकाकडे बघत बसलो.

“वहिनींकडून रंगीत खडू आणा,” बायको म्हणाली. “मी काढते. मला पाठ आहे तो काठ.”

तिने कोऱ्या पानावर झाड काढलं. खाली गवत, गवतात एक सपाट दगड. मग झाडाला टेकून एक सायकल काढली. मी म्हटलं, फोटोत सायकल नव्हती. दगडावर तिने एक माणूस बसवला. पांढरा शर्ट, हात गुडघ्यांवर.

“हा कोण?” मी विचारलं.

“मला काय ठाऊक. रोज सकाळी यायचा. मी चहा घेऊन खिडकीशी उभी राहायचे तेव्हा सायकल लावून बसायचा. तो उठला की माझी शाळेची वेळ झाली असं समजायचं. घड्याळ कधी बघितलंच नाही मी.”

इतकी वर्षं मला वाटत होतं की ती तळं बघते. मी त्याच वेळी आतल्या खोलीत दाढी करत असायचो. आपल्या बायकोच्या आयुष्यात दुसरा पुरुष आहे हे कळल्यावर नवरे कसे वागतात, याची वर्णनं मी वाचलेली आहेत. पण त्या माणसाला रंगवण्यासाठी नवऱ्याने शेजारून खडू मागून आणल्याचं कुठे वाचलेलं नाही. मी मान खाली घालून खळ ढवळली.

“नसता आला एखाद्या दिवशी,” ती म्हणाली, “तर दिवसभर मला चुकल्यासारखं व्हायचं. आणि भिंत झाल्यापासून तो येतो की नाही, हेही कळत नाही.”

मी विचारलं, शर्टाला पांढरा खडू आणखी हवा का. हवा होता.

शुक्रवारी संध्याकाळी काकांनी वरून दोरी सोडली. चादर वाकडी उतरली, मध्येच अडकली, मग सावकाश उलगडत आमच्या खिडकीसमोर येऊन थांबली. दोन इमारतींच्या फटीतून वारा येतो, हे आम्ही कोणीच लक्षात घेतलं नव्हतं. त्याने चादर पोटातून हलवली. पाणी हललं. वरच्या निळ्यातून खालच्या गुलाबीपर्यंत एक लाट आली आणि गेली. झाडांची रांग जरा पुढे झुकली, मागे झाली. दगडावरचा माणूस मात्र बसून होता. मी पलंगाच्या कडेवर बसलो. आम्ही दिवा लावायलाही उठलो नाही.

शनिवारी सकाळी चिटणीस पाहणीला आले, त्यांच्या भिंतीशेजारी काहीतरी लोंबकळतंय अशी तक्रार गेली होती. बायकोने पलंगावरूनच त्यांना खुर्ची दाखवली. ते बसले, बघत राहिले, चहा झाला तरी उठेनात. शेवटी त्यांनी हात बाहेर काढून कडेचं कापड चाचपलं आणि नोंद केली, की इमारतींच्या मध्ये एक चादर वाळत घातलेली आढळली, चादर वाळत घालण्यास मनाई नाही. जाताना दारात थांबून त्यांनी हळू आवाजात विचारलं, पासवर्ड मिळेल का.

दुपारी साडू आणि मेव्हणी गाडी घेऊन आले. साडू खिडकीशी उभे राहिले. छपाईचा दर्जा कमी ठेवला होता का, असं त्यांनी विचारलं, आणि संध्याकाळ वरून होत असते, खालून नव्हे, हेही निदर्शनास आणलं. मी काही बोलण्याआधी मेव्हणीने बॅग उचलली आणि बहिणीला उठवायला हात पुढे केला.

“नको गं,” बायको म्हणाली. “मला इथून दिसतंय.”

साडूंनी त्यांच्या डोंगराचा विषय काढला नाही. जेवताना ते मधूनमधून आत जाऊन येत होते.

प्लास्टर निघालं तोवर चादरीचे रंग उन्हाने बरेच उडाले होते. काठी घेऊन चालता येऊ लागल्यावर एका सकाळी बायको म्हणाली, आपण पलीकडच्या काठावर जाऊन येऊ या. इतकी वर्षं समोर राहून आम्ही तिथे एकदाही गेलो नव्हतो. गाडी केली, वळसा घालून गेलो. तळं मला आमच्या चादरीवरच्या तळ्यापेक्षा लहान वाटलं आणि पाण्यात गुलाबी काहीच नव्हतं. झाड सापडलं, दगडही सापडला. आम्ही दोघं दगडावर बसलो आणि आमची खिडकी कुठे असेल ते शोधत राहिलो. धुकं विरत होतं. समोर सगळी राखाडी इमारतच होती.

मागे सायकलीची घंटी वाजली. तिने काढला होता त्याहून तो म्हातारा होता, आणि शर्ट पांढरा नव्हता, फिकट निळा होता. त्याने सायकल झाडाला टेकवली, आपल्या जागेवर दोन परकी माणसं बसलेली पाहिली आणि संकोचून उभा राहिला. बायको त्याच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर मी एवढं समाधान कधी पाहिलं नव्हतं, लग्नातही नाही. मीच विचारलं, की आपण रोज येता का इथे.

“रोज,” तो म्हणाला. “सकाळची वेळ घरात काढवत नाही. पूर्वी इमारतीत एकट्या आमच्याकडेच फोन होता.” त्याने पाण्याकडे बघून सुस्कारा टाकला. “आता प्रिंटर आहे.”

मी सरकलो आणि त्याला दगडावर जागा करून दिली.